शाळेसाठी निधी मागताना

चेन्नईच्या शोळिंगनल्लूर भागात राजीव गांधी सालईवर आयटी कंपन्यांची रांगच आहे. कंपनी कायदा 2013, कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के सामाजिक कामांवर, म्हणजेच सीएसआरवर, खर्चावे लागतात. त्यात शिक्षण येतं; आसपासच्या परिसराला प्राधान्यही आहे.

मग अशा कंपनीला द्यायच्या शाळेच्या प्रस्तावात काय हवं? ‘प्रयोगशाळा द्या’ एवढ्यानं भागत नाही. आज किती मुलं प्रयोगाविना शिकतात, साहित्याची दरपत्रकं, देखभाल कोण करणार, वर्षअखेरीस काय मोजणार, हे स्पष्ट लिहा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा. आणि अर्जाआधी त्या कंपनीचा सीएसआर अहवाल वाचा. तिचा पैसा आरोग्याकडे जात असेल, तर दुसरं दार ठोठावा.