मुलांचें न्हाणीघर

घराची दुरुस्ती काढली, कीं दिवाणखान्याचा रंग आणि स्वयंपाकघरांतील ओटा यांचा विचार प्रथम होतो. न्हाणीघराची पाळी शेवटीं येते. त्यांतही मुलांच्या सोयीची आठवण क्वचितच कोणाला होते. नळ मोठ्यांच्या हाताला येईल असा, आरसा मोठ्यांच्या तोंडासमोर, खुंटी मोठ्यांच्या खांद्याशीं आणि कडी दाराच्या माथ्यावर! मग सहा वर्षांच्या मुलानें ‘आई, पाणी काढून दे’, ‘बाबा, टॉवेल द्या’ अशा हांका मारल्या, कीं तें परावलंबी आहे असा ठपका त्याच्यावर येतो. वस्तुतः दोष मुलाचा नसून मापाचा असतो.

मुलांच्या मापानें वस्तु असाव्यात हा विचार नवा नाहीं. मारिया माँटेसरी यांनीं १९०७ सालीं रोम येथें आपलें पहिलें बालगृह उघडलें. मुलांना स्वतः वापरतां येतील अशीं लहान मेजें, लहान खुर्च्या आणि हाततोंड धुण्याच्या ठेंगण्या जागा हें त्यांच्या पद्धतीचें वैशिष्ट्य ठरलें. महाराष्ट्रांत ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें कार्य आरंभिलें, त्यांतही स्वच्छतेला शिक्षणाचाच मान होता. शाळेनें जें मानलें, तें घरानें मानण्यास हरकत नसावी.

मात्र सारेंच ठेंगणें बांधून ठेवणें शहाणपणाचें नव्हे; मूल वाढतें, भिंत वाढत नाहीं. म्हणून हात धुण्याचें भांडें नेहमींच्या उंचीवर ठेवून खालीं न घसरणारी भक्कम पायरी द्यावी. खुंट्यांच्या दोन ओळी असाव्यात. झारीचा नळ दांडीवर खालीवर सरकणारा असला, म्हणजे तो चार वर्षांच्या मुलास चालतो आणि चौदा वर्षांच्याही.

खर्चाचा पहिला पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या कामावर पडावा. जमिनीला पाणी न झिरपणारा थर दिल्यावर, मोरीचें तोंड बंद करून, तिच्यावर निदान २४ तास पाणी साठवून ठेवावें. खालच्या छताला ओल आली नाहीं, तरच फरशी बसवावी. फरशीला मोरीकडे दर मीटरमागें एक ते दोन सेंटिमीटर उतार हवा. गुळगुळीत फरशी भिंतीला शोभते. पायाखालीं मात्र खरखरीतच बरी.

याहून मोठा प्रश्न जिवाच्या सुरक्षिततेचा. ६० अंश सेल्सिअस उष्णतेचें पाणी अंगावर पडलें, तर कांहीं सेकंदांतच खोल भाजतें. मुलांची त्वचा पातळ असल्यानें त्यांना तेवढाही अवधि मिळत नाहीं. म्हणून उष्णता आवरणारी झडप बसवून, मुलांच्या नळाला ४९ अंशांहून अधिक गरम पाणी येणार नाहीं अशी तजवीज करावी. बादलींत थंड पाणी आधीं, गरम मागाहून सोडावें आणि हातानें पाहिल्यावरच मुलाला जवळ घ्यावें. रांगणाऱ्या मुलाचें डोकें शरीराच्या मानानें जड असतें. बादलींत डोकावतांना तोल गेला, तर त्याला बाहेर येतां येत नाहीं. बुडण्यास पांच सेंटिमीटर पाणीही पुरतें. तेव्हां काम संपतांच बादली पालथी घालावी. गॅसवरील गीझर न्हाणीघराच्या आंत कदापि बसवूं नये. त्यांतून निघूं शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंगही नाहीं आणि वासही नाहीं. विजेच्या गीझरला ३० मिलिअँपिअरच्या गळतीनें प्रवाह तोडणारें साधन जोडलेलें असावें. दाराची कडी मुलाच्या हाताला येणारी, परंतु प्रसंगीं बाहेरूनही उघडणारी असावी.

इतकें झाल्यावर मोठ्यांनाही एक गोष्ट शिकावी लागते. तान्ह्या व लहानग्या मुलांना न्हाणीघरांत क्षणभरही एकटें सोडूं नये, हें खरें. परंतु ज्याला स्वतःचें अंग नीट धुतां येऊं लागलें, त्याच्यासाठीं दाराबाहेर थांबावें. आपलें शरीर आपण स्वच्छ ठेवावयाचें आणि तें आपलें आहे, हा धडा मूल तेथेंच गिरवितें. म्हणून गवंड्यानें थापी उचलण्यापूर्वीं मुलाला भिंतीशीं उभें करावें, हात वर करावयास सांगावें, आणि तो जेथवर पोंचेल तेथें खडूची एक रेघ ओढावी. कामाचा आरंभ त्या रेघेपासून व्हावा.