तीन दिवे, एक काळी फिल्म आणि दोनशे रुपयांचा हेड ट्रॅकर

आज सुरुवातीलाच एक छोटं काम देतो. टीव्हीचा रिमोट घ्या, फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा आणि रिमोटचं तोंड कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. स्क्रीनवर एक जांभळट दिवा लुकलुकताना दिसेल. नाही दिसला तर घरातला दुसरा फोन घेऊन बघा, कारण काही कॅमेऱ्यांत हा प्रकाश अडवणारी काच असते. आपल्या डोळ्यांना न दिसणारा हा प्रकाश म्हणजे इन्फ्रारेड. आजचा सगळा भाग त्याच्यावरच आहे.

तर मला फ्लाइट सिम्युलेटरचं वेड. फ्लाइटगिअर नावाचा सिम्युलेटर फुकट मिळतो, मी तोच वापरतो. आता समजा, जुहूच्या धावपट्टीवर उतरायचंय. शेवटचं वळण घेताना धावपट्टी तुमच्या डाव्या खांद्याकडे असते. खऱ्या विमानात पायलट सरळ मान वळवून बघतो. माझा एक हात जॉयस्टिकवर, दुसरा थ्रॉटलवर. माउस फिरवायला तिसरा हात कुठून आणू?

यावर उपाय आहे, त्याला हेड ट्रॅकर म्हणतात. तुम्ही मान थोडी वळवली की स्क्रीनवरचं दृश्य भरपूर वळतं, आणि डोळे स्क्रीनवरच राहतात. ट्रॅकआयआर हे त्यातलं नावाजलेलं उपकरण, पण किंमत पाच आकडी. माझे लॅपटॉपचे हप्ते चालू होते. म्हटलं, घरीच करू.

तत्त्व सोपं आहे. डोक्याच्या एकूण हालचाली सहा: मान डावी-उजवी वळते, वर-खाली होते, खांद्याकडे कलते, आणि अख्खं डोकं तीन दिशांना सरकतं. म्हणजे सहा आकडे शोधायचेत. कॅमेऱ्याच्या चित्रात एका ठिपक्याचे दोन आकडे मिळतात, आडवा आणि उभा. तीन ठिपके म्हणजे सहा आकडे. बसलं गणित! फक्त ते तीन दिवे एका रेषेत नसावेत आणि त्यांच्यातलं अंतर आपल्याला मिलिमीटरमध्ये माहीत असावं. पुढचा हिशोब ओपनट्रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर करतं. याची उलटी गंमत जॉनी ली या संशोधकाने २००७ मध्ये दाखवली होती. वी गेमच्या रिमोटमध्येच इन्फ्रारेड कॅमेरा असतो. त्याने तो रिमोट टीव्हीजवळ ठेवला आणि दिवे चष्म्यावर लावले.

मग मी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो. तीन इन्फ्रारेड एलईडी, दोन-चार रेझिस्टर, थोडी वायर. घरी एक जुना वेबकॅम आणि एक तुटकी यूएसबी केबल होती. सगळं मिळून दोनशेच्या आत.

पहिली चूक लगेच केली. एक एलईडी थेट ५ व्होल्टला जोडून बघितला. गेला बिचारा. बीटेक केलंय म्हणे! बरोबर हिशोब असा: एका एलईडीवर साधारण १.३ व्होल्ट पडतात. तीन एकामागोमाग जोडले की जवळपास ४. उरला १ व्होल्ट. ४७ ओहमचा रेझिस्टर लावला की २१ मिलिअँपच्या आसपास करंट जातो. एवढा पुरे. आणि हे पॉवर बँकेला जोडू नका. इतक्या कमी करंटला बऱ्याच पॉवर बँका 'काही जोडलेलंच नाही' समजून बंद पडतात. लॅपटॉपचा पोर्ट बरा.

दुसरी चूक मात्र मोठी. कॅमेरा चालू केला तर तीनऐवजी सात-आठ ठिपके. ट्यूबलाइट, कपाटाच्या हँडलवरची चमक, माझा चष्मा. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हात आपोआप कीबोर्डकडे गेला. पायथन, ओपनसीव्ही काढलं आणि नको ते ठिपके ओळखून गाळणारा कोड लिहायला लागलो. आकारावरून गाळ, चमकेवरून गाळ, मागच्या फ्रेमशी ताडून बघ. तीन शनिवार-रविवार गेले. रात्री चालायचं, सकाळी पडदा उघडला की परत बोंब.

एका रविवारी आईने विचारलं, "अरे, दिवसभर त्या कॅमेऱ्यासमोर मुंडी काय हलवत बसलायस?" तिला सांगितलं की कॅमेऱ्याला नको ते उजेड दिसतात. ती म्हणाली, "मग त्याच्यावर काहीतरी काळं लाव ना."

हसू नका, उत्तर तेच होतं. रंगीत फोटोंच्या निगेटिव्हचा काळाकुट्ट भाग साधा उजेड अडवतो आणि इन्फ्रारेड जाऊ देतो. हे मी कधीतरी वाचलं होतं, पण तेव्हा डोक्यातच आलं नाही. आईने माळ्यावरून तिच्या लग्नाच्या निगेटिव्हचं पाकीट काढलं. "फोटोला हात लावायचा नाही हं!" रोलच्या सुरुवातीला उजेड लागून काळा पडलेला तुकडा असतो, त्यात फोटो नसतो. तेवढाच कापला. ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह चालत नाही, त्यातली चांदी इन्फ्रारेडही अडवते.

मग वेबकॅम उघडला, लेन्समागची इन्फ्रारेड अडवणारी काच हळूच काढली आणि लेन्सपुढे फिल्मचे दोन थर लावले. काच काढल्यावर फोकस थोडा हलतो, लेन्स फिरवून जुळवून घ्या. ऑटो एक्स्पोजर बंद करून ते कमी केलं. स्क्रीन काळी, त्यात तीन ठिपके. माझा सगळा कोड मी डिलीट केला.

उरलेल्या गोष्टी पटकन सांगतो. रिमोटवाल्या एलईडीचा झोत अरुंद असतो, मान वळली की ठिपका गायब. त्याचं गोल टोक पॉलिश पेपरने घासून सपाट करा, उजेड पसरतो. विकत घेतानाच ८५० नॅनोमीटरचे मागा, ९४० पेक्षा ते कॅमेऱ्याला जास्त ठळक दिसतात. दिवे हेडफोनच्या बाजूला एका पट्टीवर लावा, मधला थोडा पुढे. एलईडी ट्यूबचा त्रास फिल्मने जातो. ऊन आणि जुना पिवळा बल्ब यांच्यात मात्र इन्फ्रारेड भरपूर असतं, तिथे पडदाच लावावा लागतो. आणि एक महत्त्वाचं: हा प्रकाश दिसत नाही, म्हणून डोळे मिटले जात नाहीत. दिव्यांची तोंडं कॅमेऱ्याकडेच ठेवा, जवळून टक लावून बघू नका, आणि जास्त वॉटचे एलईडी आणूच नका.

त्या रात्री जुहूला उतरताना मी पहिल्यांदा नुसती मान वळवली, आणि धावपट्टी दिसली. लँडिंग वाईटच झालं, ती गोष्ट वेगळी.

ऑफिसातही आता मला याचा उपयोग होतो. चुकीचा डेटा साफ करायला कोणी कोड लिहायला घेतलं की मी आधी विचारतो, हा कचरा आत येतोच कुठून? तिथेच काळी फिल्म लावता येईल का? दर वेळी लागत नाही. पण विचारायला पाच मिनिटं लागतात, आणि माझे तीन शनिवार-रविवार गेले होते.

तुम्ही बनवलात तर फोटो नक्की पाठवा. आणि हो, निगेटिव्ह कापायच्या आधी आईला विचारा. चला, भेटू पुढच्या भागात!