लोणारचा लवणासुर आणि आपली चिकित्सक दृष्टी

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराची कथा लहानथोरांना ठाऊक आहे. लवणासुर नावाचा राक्षस तिथं जमिनीखालच्या गुहेत राहायचा अन् लोकांना छळायचा. विष्णूने पायाच्या अंगठ्याने गुहेचे झाकण उडवले आणि त्याला मारले. सरोवराचे पाणी म्हणजे त्याचे रक्त, क्षार म्हणजे त्याचे मांस. त्यावरूनच तिथल्या मंदिराला दैत्यसूदन नाव पडले.

बंधू-भगिनींनो, आम्ही या कथेला हसण्यासाठी उभे नाही. एवढा मोठा खड्डा अन् त्यात खारट पाणी, हे जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले होते. कारण सापडेना, म्हणून कथा रचली. पण कथा म्हणजे पुरावा नव्हे. तथागतांनी कालामांना हेच सांगितले, की परंपरेने आले एवढ्यावरून काही मानू नका, पारखून घ्या.

पारख कशी झाली बघा. हा खड्डा ज्वालामुखीचा असावा असे आधी वाटे. १९७३ साली शास्त्रज्ञांना तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट ही काच सापडली. प्रचंड आघाताशिवाय ती तयार होत नाही. म्हणजे आकाशातून अशनी आदळली आणि काळ्या पाषाणात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचे विवर पडले. पाणी खारट का? झऱ्यांचे अन् पावसाचे पाणी आत येते, बाहेर जायला वाट नाही. उन्हाने वाफ होते, क्षार मागे राहतात.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा केवढी चर्चा झाली! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. रक्त नव्हे!

महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त राक्षस म्हणजे मूळचे रक्षक असा अर्थ लावला. कथेत राक्षस कोणाला म्हटले, कोणी म्हटले, हे विचारायला त्यांनी शिकवले. मात्र लवणासुराला आपला राजा ठरवायचे, तर त्यालाही पुरावा लागेल. दुसऱ्याला एक माप अन् आपल्याला दुसरे, ही चिकित्सा नव्हे.

माताभगिनींना विशेष विनंती. पोर झोपत नाही म्हणून राक्षसाचे भय घालू नका. भ्यालेले पोर प्रश्न विचारत नाही. आणि बाबासाहेबांना शिकलेली, प्रश्न विचारणारी पिढी हवी होती. पोरांना लोणारला न्या, विवराच्या काठावर उभे करा, गोष्टही सांगा अन् शास्त्रही सांगा.

२०२० साली हे सरोवर रामसर यादीत आले. त्याला धोका राक्षसाचा नाही, आपल्याच सांडपाण्याचा अन् कचऱ्याचा आहे. तेवढे सांभाळणे आपल्या हाती आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!