साक्ष देणारी बाई एकटी पडू नये



मी तुमची प्रभाग समन्वयक. एरवी आपण या कार्यक्रमात बचत, कर्ज आणि परतफेडीबद्दल बोलतो. आजचा विषय पैशांचा नाही, पण प्रत्येकीच्या कामाचा आहे. गावात मारहाण होते, कुणाच्या घरावर जमाव चालून जातो, तेव्हा ते पाहणाऱ्यांत बाया असतातच. कुणी दारातून पाहते, कुणी धुऱ्यावरून. पोलीस आले की घरचे म्हणतात, "तू कायले मधात पडतं वं?" आणि पाहिलेलं पोटातच राहतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणी नांदेडला गुरुद्वारात जाऊन आल्या असतील. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ साली नांदेडलाच निवर्तले. आपल्या नामदेव महाराजांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. म्हणजे नातं जुनंच आहे. शिखांची एक सामुदायिक प्रार्थना असते, तिला अरदास म्हणतात. तिच्यात जुलमात मेलेल्यांची आठवण रोज काढतात, आणि त्यात बायाही आहेत. अठराव्या शतकात लाहोरचा सुभेदार मीर मन्नू यानं शीख बायांना कैदेत टाकलं. परंपरा असं सांगते, की त्यांना सव्वा-सव्वा मण दळण दळायला लावलं, डोळ्यांदेखत त्यांची लेकरं मारली, तरी त्या बधल्या नाहीत. जातं ओढलेल्या बाईला सव्वा मण म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागत नाही. त्या अरदासीचा शेवट मात्र सगळ्यांचं भलं मागून होतो. आठवण जपायची, पण सूड उगवण्यासाठी नाही, हे मला त्यातलं मोठं वाटतं.

पण नुसत्या आठवणीनं गुन्हेगाराला शिक्षा होत नाही. त्यासाठी कुणाला तरी कोर्टात उभं राहून सांगावं लागतं.

३१ ऑक्टोबर १९८४ ला पंतप्रधान इंदिरा गांधींची त्यांच्या दोन शीख अंगरक्षकांनी हत्या केली. त्याचा राग हजारो निरपराध माणसांवर काढला गेला. सरकारी आकडा सांगतो, की एकट्या दिल्लीत २,७३३ शीख मारले गेले. तिथल्या राजनगर भागात एकाच कुटुंबातले पाच पुरुष गेले. त्यात जगदीश कौर यांचा नवरा होता आणि तरुण मुलगाही. त्या बाईनं सांगणं सोडलं नाही. २०१३ मध्ये खालच्या कोर्टानं माजी खासदार सज्जन कुमार यांना निर्दोष सोडलं, तरीही नाही. १७ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि त्यांना जन्मठेप दिली. हे मुख्यतः तीन साक्षीदारांच्या धैर्यामुळे आणि चिकाटीमुळे घडलं, असं न्यायाधीशांनी निकालात लिहिलं. त्या तिघांत दोन बाया होत्या, जगदीश कौर आणि निरप्रीत कौर. चौतीस वर्षं लागली, मैत्रिणींनो! अशा सामूहिक कत्तलीसाठी आपल्या कायद्यात वेगळा गुन्हाच नाही, हेही न्यायाधीशांनी त्याच निकालात नोंदवलं.

आता आपल्या विदर्भात या. भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात खैरलांजी गाव आहे. तिथल्या सुरेखा भोतमांगे शेती करून मुलांना शिकवत होत्या. घर दलिताचं. शेतातून रस्ता काढण्यावरून गावाशी वाद होता. जवळच्या गावच्या पोलीस पाटलाला मारहाण झाली, तेव्हा सुरेखाताईंनी मारणाऱ्यांची ओळख पोलिसांना सांगितली. २९ सप्टेंबर २००६ ला ते लोक जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव त्यांच्या घरावर गेला. सुरेखाताई, मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर, चौघांनाही ठार मारलं. नवरा भैयालाल तेवढे वाचले. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं आठ जणांना दोषी ठरवलं आणि सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं फाशीऐवजी २५ वर्षांची शिक्षा दिली. पण दोन्ही कोर्टांनी हा सूडाचा गुन्हा धरला. जातीमुळे घडलं हे मान्य झालं नाही, म्हणून ॲट्रॉसिटी कायद्याखाली कुणालाच शिक्षा झाली नाही.

दोघीही साक्षीदार. एकीला अर्धं आयुष्य कोर्टात घालवावं लागलं, दुसरीला तर कोर्टापर्यंत पोहोचूच दिलं नाही. सुरेखाताईंनी करायचं ते केलं होतं. त्यांना सांभाळायचं काम इतरांचं होतं.

त्यानंतर कायदा बदलला, तो आपल्याला माहीत पाहिजे. आधी ॲट्रॉसिटी कायद्यात खुनासारखा गुन्हा जातीच्या कारणावरूनच झाला, हे सिद्ध करावं लागे. २६ जानेवारी २०१६ पासून ती अट बदलली. समोरचा माणूस अनुसूचित जाती-जमातीचा आहे हे ठाऊक असताना तसा गुन्हा केला, तरी हा कायदा लागतो. त्यातच कलम १५-अ आलं. आरोपीच्या जामिनाची सुनावणी असेल तर ते पीडिताला वेळेवर कळवायचं, त्याचं म्हणणं ऐकायचं, पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण द्यायचं, येण्याजाण्याचा खर्चही द्यायचा, असं ते सांगतं. जामीन झाल्याचं गावात आरोपी परतल्यावर कळणं, ही गोष्ट आता कायद्याला मंजूर नाही.

साक्षीदार कोणत्याही जातीचा असो, गंभीर गुन्ह्यातल्या साक्षीदारासाठी संरक्षण योजना आहे. सर्वोच्च न्यायालयानं ती २०१८ मध्ये देशभर लागू केली. धमकी आली तर जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समाज, भाषा अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते.

मग आपण काय करायचं? पाहिलेलं त्याच दिवशी लिहून ठेवा. तारीख, वेळ, कोण होतं, कुणाच्या हातात काय होतं. गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत मात्र नको, ती दहा हातांत फिरते. स्वतःच्या कागदावर लिहा आणि जपून ठेवा. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. हद्द आमची नाही, असं म्हणून परत पाठवता येत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंद घेतलीच नाही, तर पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी कळवा आणि पोचपावती सांभाळा. वकिलाच्या फीची चिंता नको. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतो. जिवाला धोका असेल तर ११२.

आणि एक काम कायदा करू शकत नाही, ते गटालाच करावं लागेल. साक्ष द्यायला निघालेल्या बाईसोबत ठाण्यात दोघींनी जायचं. कोर्टाच्या तारखेला तिची मजुरी बुडते, लेकरं घरी राहतात, त्याची सोय लावायची. आरोपी सुटून आला तर त्या रात्री तिला एकटं ठेवायचं नाही. ती आपल्या जातीची नसेल, आपल्या गटातली नसेल, तरीही. कर्जाला आपण एकमेकींची हमी घेतो, मग जिवाला का नाही?

येत्या बैठकीत हप्ता गोळा झाला की दहा मिनिटं हा विषय घ्या. कोणाच्या घरी फोन आहे, रात्री कोण येऊ शकेल, तालुक्याला कोण सोबत जाईल, हे आधीच ठरवून ठेवा. वेळ आल्यावर ठरवायला सवड नसते.

काळजी घ्या. नमस्कार.