आजीचा ग्यानबा

राहात्याहून बोलतोय. कानात हेडफोन असतील तर आधी एक काम करा. आपलं स्वतःचं नाव एकदा मोठ्याने म्हणा. आता आजी किंवा गावाकडचे चुलते ते कसं म्हणतात, ते आठवा. फरक आहे ना? आजचा विषय तोच.

माझं नाव ज्ञानेश्वर. आपल्या जिल्ह्यात या नावाला तोटा नाही. ज्ञानेश्वरी 1290 साली आपल्याच नेवाशात सांगितली गेली. माझ्या वर्गातच आम्ही तिघं ज्ञानेश्वर होतो. शाळेत सर म्हणायचे ‘द्न्यानेश्वर’. घरी आजीची हाक यायची, "आरं ग्यानबा, च्या घे!"

पुण्याला कॉलेजला गेलो. पहिल्या सुट्टीत दोन मित्र घरी आले. आजीने नेहमीसारखी हाक मारली. मित्र हसले. आणि मी, शहाणा, सगळ्यांसमोर म्हणालो, "आजी, ग्यानबा काय गं? ज्ञानेश्वर म्हण की नीट!" आजीही हसली. पण त्या दिवसापासून ती मला ‘ए पोरा’ म्हणायला लागली. मित्र असोत नसोत, ‘ए पोरा’. माझ्या हे लक्षात यायलाच चार-पाच महिने गेले.

पुढे मी शिर्डीत एका लॉजच्या काउंटरवर बसायला लागलो. राहात्यापासून पाच-सहा किलोमीटर, पण तिथे सगळा देश येतो. उत्तरेकडचे पाहुणे माझ्या बॅजवरचं नाव वाचून म्हणायचे ‘ग्यानेश्वरजी’. तेलुगू पाहुण्याच्या आधारवर हेच नाव असलं की ते ‘ग्नानेश्वर’. गुजराती माणूसही ‘ग्न’च म्हणतो. आणि कस्टमर केअरवाली इंग्रजी स्पेलिंग बघून म्हणते, ‘डिन्यानेश्वर सर’!

यांच्यापैकी कुणालाच मी कधी हसलो नाही. वाटायचं, त्यांची भाषा तशी आहे. मग माझ्याच आजीला का हसलो? हिंदीवाल्याचा ‘ग्य’ चालतो आणि आजीचा ‘ग्य’ गावंढळ, हा कुठला न्याय?

गंमत पुढेच आहे. ‘ज्ञ’ हे अक्षर संस्कृतात ज आणि ञ मिळून होतं. त्यात ग नाही, तसा द पण नाही! म्हणजे पुण्याचा ‘द्न्य’ हाही एक हेलच. फक्त तो पुस्तकात आणि शाळेत बसला, म्हणून आपण त्याला शुद्ध म्हणतो.

आजीच्या बोलण्याला नियम नाही, असंही नाही. नीट ऐका. ‘ण’चा ‘न’ होतो. ‘इ’च्या आधीचा ‘व’ गळतो, म्हणून विठ्ठलाचा इठ्ठल. जोडाक्षर फुटतं, म्हणून प्रकाशचा परकास. हे ती कधी विसरत नाही, कधी मध्येच बदलत नाही. चूक माणूस कधीतरी करतो. रोज, सगळं गाव मिळून, एकाच पद्धतीने करतं ती चूक नसते, ती बोली असते.

आणि कधी कधी बोलीच नाव जपते. आपल्याच तालुक्यात पुणतांब्याला चांगदेवांची समाधी आहे. ज्यांना ज्ञानेश्वरांनी ‘चांगदेव पासष्टी’ लिहिली, तेच. या नावातला ‘च’ कसा म्हणायचा? ‘चहा’तला की ‘चाका’तला? आपल्या लिपीत दोन्हींना एकच अक्षर. फोनमधली बाई बऱ्याचदा सगळे ‘च’ चहातलेच म्हणते. पण पुणतांब्याच्या कुठल्याही म्हातारबाबांना विचारा, ते ‘चांगला’मधला ‘च’ लावूनच चांगदेव म्हणतील. लिहिलेल्या नावात जे सापडत नाही, ते त्यांच्या जिभेवर आहे.

आता कुणी म्हणेल, मग कागदावर पण ग्यानबा लिहायचं का? नाही. आधार, मार्कशीट, बँक, सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा, नाहीतर चकरा मारत बसाल. आणि चारचौघात आपलं नाव कसं म्हणायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं. कुणी विचारलं तर न लाजता सांगावं. पण कागदाचा नियम घरातल्या हाकेला लावू नका. मी लावला होता.

मागच्या दिवाळीत आजीजवळ बसलो आणि म्हणालो, "आजी, मला ग्यानबाच म्हणत जा." ती म्हणाली, "आन् तुझं दोस्त हसले म्हंजे?" म्हटलं, "हसू दे." ती काही बोलली नाही. संध्याकाळी ओसरीवरून हाक आली, "ए पोरा..." मग जरा थांबून, "ग्यानबा, जेवाय चल."

मी ती हाक फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवलीय. तुम्हीपण ठेवा. आज घरी फोन लावा, आजीला, आत्याला, मामाला आपलं नाव घ्यायला सांगा आणि ते व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही हाका ऐकवू. तोपर्यंत, राम राम मंडळी!