वाहती टाकी

मंडळी, रौप्यमहोत्सवी सहलीत आपण कमला नेहरू पार्कातल्या म्हातारीच्या बुटात चढलो, हँगिंग गार्डनमध्ये झुडपं छाटून केलेले प्राणी पाहिले. नाझ कॅफे मात्र आता नाही. लग्नानंतर हिला चहाला तिथंच नेलं होतं. पण त्या बागेच्या हिरवळीखाली मुंबईला पाणी पुरवणारा जलाशय आहे, हे किती जणांना ठाऊक होतं?

मला तिथं वावर आठवलं. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो, आणि एप्रिलात बायका लांबून हंडे वाहतात. 1982 साली, तेव्हा तो ठाणे जिल्हा, कर्जवसुलीला गेलो, तर एका माउलीनं आधी तांब्याभर पाणी पुढं केलं. हप्त्याचं विचारायला तोंडच उघडेना. वही मिटून परतलो.

आज सकाळी आपली गच्चीवरची टाकी पुन्हा वाहत होती. सेक्रेटरीसाहेब, तो बॉल कॉक तेवढा बदलून घ्या.