रात्री दोनचा बॅकअप

‘बॅकअप स्क्रिप्ट चालत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच असली, तरी तिच्या पोटात निदान चार वेगळ्या तक्रारी असतात: स्क्रिप्टला कोणी हाकच मारली नाही, हाक मारली, पण ती उठली नाही, उठली, पण अर्ध्या वाटेत पडली, किंवा शेवटपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाने क्रमाने पाळायच्या आज्ञांची साधी मजकुराची फाइल, आणि बॅकअप म्हणजे मूळ माहिती गेलीच तर ती पुन्हा उभी करता यावी म्हणून निराळ्या जागी ठेवलेली नक्कल. दुरुस्तीला बसलेला माणूस बहुधा आधी स्क्रिप्ट उघडून तिच्या ओळी तपासू लागतो आणि तिथेच त्याची वाट चुकते. ती या चारांपैकी कोणत्या टप्प्यावर थांबली हे आधी ठरवावे लागते, आणि त्याचे उत्तर लॉगमध्ये, म्हणजे यंत्राने स्वतःच्या कामाच्या लिहिलेल्या रोजनिशीत असते.

लिनक्सवर ठरलेल्या वेळी हाक मारण्याचे काम परंपरेने ‘क्रॉन’ करतो. हा युनिक्सचा जुना सेवक असून पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या त्याच्या आवृत्तीचे वंशज आजही असंख्य सर्व्हरवर राबत आहेत. हाताने चालवली की बिनतक्रार चालणारी स्क्रिप्ट क्रॉनकडून चालत नाही, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की त्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. माणूस लॉगिन करतो तेव्हा त्याच्याभोवती त्याचा सगळा संसार आपोआप मांडला जातो. क्रॉन मात्र स्क्रिप्टला जवळजवळ मोकळ्या माळावर उभी करतो. आज्ञा कोणत्या फोल्डरांत शोधायच्या याची यादी, जिला ‘पाथ’ म्हणतात, तिथे बहुधा दोनच फोल्डरांपुरती उरते, त्यामुळे दुसरीकडे बसवलेले बॅकअपचे साधन सापडत नाही. दूरच्या सर्व्हरशी एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरण्याच्या पद्धतीने, जोडणी करताना त्या सर्व्हरची किल्ली स्क्रिप्ट चालवणाऱ्या वापरकर्त्याच्या ओळखीची नसेल, तर ती मान्य करायची का, असा प्रश्न येतो. विचारायला समोर कोणी नसल्यामुळे जोडणी तिथेच तुटते. म्हणून अशा स्क्रिप्टची परीक्षा लॉगिन केलेल्या खिडकीत घेण्याला फारसा अर्थ नाही, ती मुद्दाम रिकाम्या केलेल्या वातावरणातच घ्यावी लागते.

याहून बारीक सापळे वेगळेच. क्रॉनच्या वेळापत्रकात, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, टक्क्याचे चिन्ह आले की तिथे ओळ संपली असे क्रॉन समजतो; आणि बॅकअपच्या फाइलला तारखेचे नाव द्यायचे म्हटले की टक्क्याचे चिन्ह आलेच. डेबियन आणि उबुंटूवर रोजच्या कामांच्या फोल्डरात ठेवलेल्या फाइलच्या नावात टिंब असेल, तर ती फाइल मुकाट्याने वगळली जाते, म्हणजे शिस्तीने ‘डॉट एसएच’ असे शेपूट लावणाऱ्याची स्क्रिप्ट कधीच चालत नाही आणि आळशाची चालते. विंडोजवर लिहून लिनक्सवर नेलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी डोळ्यांना न दिसणारे एक जादा अक्षर राहते आणि पहिल्याच ओळीवर सारे अडते. विंडोजच्या टास्क शेड्यूलरचा स्वभाव वेगळा असला तरी रोग तोच: वापरकर्त्याने जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह त्याच्या लॉगिनपुरता असतो, रात्रीच्या कामाला तो दिसत नाही.

हे सारे खऱ्याखुऱ्या यंत्रावरही घडते. व्हर्च्युअल मशीन, ज्याला व्यवहारात नुसते ‘व्हीएम’ म्हणतात, ते मात्र यात स्वतःची भर घालते. एका खऱ्या संगणकाची साधने हायपरव्हायजर नावाची प्रणाली वाटून देते आणि त्या वाट्यावर अनेक आभासी संगणक नांदतात. आपण दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहतो हे त्यांतल्या स्क्रिप्टला ठाऊक नसते. खर्च वाचवण्यासाठी रात्री व्हीएम बंद ठेवले असेल, तर दोनची वेळ येते आणि निघून जाते. साधा क्रॉन चुकलेले काम सकाळी भरून काढत नाही, ते ॲनाक्रॉन या त्याच्या भावंडाला किंवा तशी सोय चालू केलेल्या, लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या टायमरला जमते. क्लाउडमधल्या व्हीएमचे घड्याळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे यूटीसीवर लावलेले असते, त्यामुळे रात्री २ ला लावलेला बॅकअप भारतात सकाळी ७.३० ला सुरू होतो, आणि कार्यालय उघडेपर्यंत तो रेंगाळला तर ‘आज सर्व्हर संथ का’ ही दुसरीच तक्रार त्याच्यापोटी जन्माला येते. एकाच नमुना-प्रतीवरून चाळीस व्हीएम काढली, तर चाळीसही स्क्रिप्ट एकाच मिनिटाला एकाच डिस्कवर तुटून पडतात. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायजरवरच कोणी क्रॉनटॅबमध्ये ओळ लिहिली, तर तिथली मूळ फाइलव्यवस्था स्मृतीत नांदत असल्याने यंत्र पुन्हा सुरू होताच ती ओळ पुसली जाते.

सर्वांत फसवा प्रकार स्नॅपशॉटचा. स्नॅपशॉट म्हणजे व्हीएमच्या डिस्कची एका क्षणाची स्थिती गोठवून ठेवणे. डेटाबेस त्या क्षणी लिहिण्याच्या मध्यावर असेल, तर हाती लागणारी नक्कल अचानक वीज गेलेल्या यंत्रासारखी असते. ते टाळण्यासाठी हायपरव्हायजर व्हीएममधल्या एजंटला, म्हणजे आत बसवलेल्या निरोप्याला सांगतो, आणि तो गोठण्याआधीची व नंतरची अशा दोन स्क्रिप्ट चालवून डेटाबेसला क्षणभर थांबवतो. हा निरोप्या बसवलेलाच नसला किंवा बंद पडला, तर त्या स्क्रिप्ट चालत नाहीत. काही व्यवस्थांत स्नॅपशॉट तरीही तयार होतो, आणि पडद्यावर सारे आलबेल दिसते.

इथे विषयाच्या गाभ्याशी येता येते. न चालणाऱ्या स्क्रिप्टपेक्षा गप्प राहणारी स्क्रिप्ट अधिक घातक. प्रत्येक आज्ञा संपताना एक अंक परत देते. शून्य म्हणजे यश, बाकी सारे अपयश. पण डेटाबेसची प्रत काढणारी आज्ञा आणि ती दाबून लहान करणारी आज्ञा एका नळीने जोडल्या, तर शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्राम, सहसा फक्त शेवटच्या आज्ञेचा अंक कळवतो: प्रत काढताना घात झाला तरी दाबणाऱ्याने काहीच नसलेले व्यवस्थित दाबलेले असते, आणि रोज रात्री काही बाइटांची एक नीटनेटकी फाइल जमा होत राहते. यावर ‘पाइपफेल’ नावाचा पर्याय बॅश या शेलमध्ये आहे, पण तो आपण होऊन चालू नसतो. फाइल तयार झाली की नाही एवढेच न पाहता तिचा आकार कालच्या तुलनेत किती, हे पाहणारी एक ओळ अनेक महागड्या साधनांपेक्षा उपयोगी पडते.

या मौनाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांच्या ऑनलाइन सेवेत घडले, आणि कंपनीने त्याचा सविस्तर अहवाल स्वतःच जाहीर केल्यामुळे त्याची साखळी कडीकडीने तपासता येते. तिची यंत्रे मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर होती. रात्री एका अभियंत्याने चुकीच्या डेटाबेस सर्व्हरवर फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी माहिती गेली. बॅकअप शोधू गेल्यावर ॲमेझॉनच्या साठवणीतली जागा रिकामी निघाली, कारण प्रत काढणारे साधन पोस्टग्रेस या डेटाबेस-प्रणालीच्या ९.२ आवृत्तीचे होते आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते रोज त्रुटी देऊन थांबत होते. क्रॉन ती त्रुटी ईमेलने कळवतही होता. परंतु त्या ईमेलवर डीमार्क या पडताळणीला लागणारी सही नसल्यामुळे ती पलीकडे नाकारली जात होती. अझूरचे डिस्क-स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. सुमारे सहा तासांमागे एका अभियंत्याने निराळ्याच चाचणीसाठी हाताने एक स्नॅपशॉट घेतला होता, त्यावरून सेवा पुन्हा उभी राहिली. त्या सहा तासांतली नोंद मात्र परत आली नाही.